डुप्लिकेट चावीनं स्टार्टर फिरतो, पण गाडी चालू होत नाही. ‘प्रोग्रॅमिंग’ खरंच लागतं का?

नवा_मिरजकर

नमस्कार मंडळी,

दिवाळीत सेकंडहँड गाडी घेतली. २०१३ ची आय२०, पेट्रोल. गाडी चांगली आहे, पण चावी एकच मिळाली. दुसरी कुठं आहे विचारलं तर आधीचे मालक म्हणाले, घर बदलताना कुठंतरी गेली, सापडली की आणून देतो. आता ते फोन उचलत नाहीत.

एकाच चावीवर गाडी ठेवायची धास्ती वाटते, म्हणून मार्केटात रस्त्याकडेला बसणाऱ्या एकाकडून डुप्लिकेट करून घेतली. दोनशे रुपये. माझ्यासमोर कापली, दारात घालून दाखवली, दार उघडलं. घरी येऊन इग्निशनला लावली तर फिरते, स्टार्टरही फिरतो, पण इंजिन पकडतच नाही. डॅशबोर्डवर चावीचं चित्र असलेला दिवा लुकलुकत राहतो. ओरिजिनल लावली की पहिल्या सेल्फला चालू.

परत गेलो तर म्हणाला, साहेब चावी बरोबर आहे, तुमच्या गाडीला प्रोग्रॅमिंग लागतं, ते आपल्याकडं नाही. दुसऱ्या एका दुकानात साडेतीन हजार सांगितले. सर्व्हिस सेंटरला विचारलं तर आरसी, आधार आणि गाडी घेऊन या, चावी मागवावी लागेल म्हणाले. मेव्हणा म्हणतो एवढं कशाला, त्याच्या ओळखीचा वायरमन ‘बायपास’ करून देतो, मग कुठलीही चावी चालते.

हे प्रोग्रॅमिंग नक्की काय असतं? पितळेच्या तुकड्यासाठी साडेतीन हजार कसले घेतात? आणि ती हरवलेली चावी ज्याच्याकडं असेल तो माझी गाडी नेऊ शकतो का, हे मला सगळ्यात जास्त सतावतंय.

खडूस_काका

चावीतला सेल संपला असेल. नवीन घाला, पन्नास रुपयांचं काम. या लोकांना हजारात बोलायची सवयच लागली आहे.

किल्लीदार

काका, सेलनं दाराचं बटण चालतं. इंजिन चालू व्हायला सेल लागतच नाही. चावीतला सेल काढून ओरिजिनलनं गाडी लावून बघा, रोजच्यासारखी चालू होईल. शिवाय यांच्या दोनशेच्या चावीत सेल बसायला जागाच नसणार.

माझं सांगलीत चावीचं दुकान आहे. वडील तिजोऱ्यांची कुलपं उघडायचे, मी गाड्यांकडं वळलो. तुमच्यासारखं गिऱ्हाईक आठवड्याला एक तरी येतंच, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

तुमच्या ओरिजिनल चावीत तीन वेगळ्या वस्तू एका प्लास्टिकमध्ये कोंबलेल्या आहेत आणि त्यांचा एकमेकींशी काडीचा संबंध नाही. पहिली वस्तू पातं. ते दाराचं आणि इग्निशनचं कुलूप फिरवतं, बस. दुसरी रिमोट. त्याला सेल लागतो, आपल्याकडच्या बहुतेक गाड्यांत तो ४३३ मेगाहर्ट्झवर बोलतो आणि त्याचं काम लॉक-अनलॉकपुरतं. तिसरी वस्तू चिप. तांदळाच्या दाण्यापेक्षा थोडी मोठी काचेची नळी किंवा काळी चपटी वडी, चावीच्या डोक्यात एका खाचेत बसवलेली. हिला ना सेल, ना वायर. तुमच्या माणसानं पहिल्या वस्तूची नक्कल केली आणि तेवढ्याचेच पैसे घेतले. फसवलं असं मी म्हणणार नाही. पण इग्निशनमध्ये फिरवून न दाखवता फक्त दार उघडून दाखवलं, म्हणजे पुढं काय होणार ते त्याला पक्कं माहीत होतं.

आता चिपला सेल नाही तर ती चालते कशी? इग्निशन लॉकच्या तोंडाभोवती प्लास्टिकची एक कडी असते. आत तांब्याच्या बारीक तारेचे वेढे आहेत. तुम्ही चावी ‘ऑन’ला नेली की त्या वेढ्यांतून १२५ किलोहर्ट्झचा करंट सोडला जातो, त्याचं चुंबकीय क्षेत्र तयार होतं आणि चिपमधल्या इवल्याशा कॉइलमध्ये त्यातूनच वीज येते. विचारणाराच उत्तर देणाऱ्याला जेवू घालतो. म्हणून तर पोच एवढी कमी, चार बोटं लांब नेली की चिप गप्प. मग गाडी चिपला एक आकडा देते. चिपच्या पोटात एक गुप्त आकडा आहे, तो वापरून ती हिशोब करते आणि उत्तर परत पाठवते. गाडीला जुळणी पटली तर ईसीएम, म्हणजे इंजिन सांभाळणारा कॉम्प्युटर, पेट्रोल फवारणारे इंजेक्टर सोडतो. नाही पटली तर तुमच्यासारखं होतं, स्टार्टर फिरत राहतो पण पेट्रोल मिळत नाही. दर वेळी आकडा नवा असतो, त्यामुळं कालचं उत्तर आज चालत नाही. अगदी सुरुवातीच्या चिपा मात्र दर वेळी एकच ठरलेला नंबर बोलायच्या, त्यांची नक्कल म्हणजे पोरखेळ होता.

सगळ्या गाड्या सारख्या रुसत नाहीत. काही कंपन्यांच्या गाड्या चालू होतात आणि दोन सेकंदांत बंद पडतात. काहींत स्टार्टरच हलत नाही. दोन सेकंदवाली मंडळी माझ्याकडं फ्युएल पंप बदलून, प्लग बदलून, शेवटचा इलाज म्हणून येतात. तो दिवा लुकलुकतोय का ते आधी बघावं, पंपाला हात नंतर लावावा.

तुम्ही घरी एक गोष्ट करून बघा. डुप्लिकेट इग्निशनमध्ये घाला. ओरिजिनलचं डोकं त्या कडीला अगदी चिकटवून धरा आणि मग डुप्लिकेट फिरवा. गाडी चालू झाली तर समजा की तुमच्या नव्या चावीत चिप नाही आणि गाडीत काहीही बिघाड नाही. चालू झाल्यावर ओरिजिनल बाजूला घेतलीत तरी इंजिन बंद पडणार नाही, तपासणी सुरुवातीलाच होऊन गेलेली असते. आणि एवढं करूनही चालू झाली नाही तर कदाचित त्यानं कोरी चिप घातलीय आणि दोन चिपा एकाच वेळी बोलून गोंधळ घालताहेत. याच कारणासाठी दोन गाड्यांच्या चाव्या एकाच कडीत ओवू नयेत. नवराबायकोच्या गाड्यांच्या चाव्या एका जुडग्यात आणि ‘गाडी कधी होते, कधी होत नाही’ ही तक्रार मी बघितलीय. जुडगं सोडलं, तक्रार संपली, घेण्यासारखे पैसेच नव्हते.

तुमच्या मूळ प्रश्नाकडं येतो. लोकांना वाटतं प्रोग्रॅमिंग म्हणजे चावीत काहीतरी भरतात. चिपमध्ये थोडंफार लिहिलं जातं हे खरं, पण मुख्य काम गाडीत होतं. गाडीकडं ओळखीच्या चिपांची एक यादी असते. डॅशबोर्डखाली ओबीडीचं, म्हणजे गाडी तपासायचं मशीन जोडायचं सॉकेट आहे, तिथं मशीन लावायचं, पिनकोड द्यायचा, मग यादी उघडते आणि त्यात नवी चिप नोंदवायची. ह्युंदाईत हा पिनकोड सहा आकडी असतो आणि तो चॅसिस नंबरच्या शेवटच्या सहा आकड्यांवरून निघतो. म्हणून आरसी मागतात. मी सुद्धा आरसी आणि मालकाचं ओळखपत्र बघितल्याशिवाय मशीन लावत नाही. जो दुकानदार हे न मागता चावी करून देतो, तो उद्या तुमच्या गाडीचीही दुसऱ्याला करून देईल. पिन अंदाजानं मारायचा नसतो. तीन वेळा चुकला की गाडी तासभर दार लावून बसते.

याचा अर्थ यादी बदलायची असेल तेव्हाच प्रोग्रॅमिंग. नवी चावी वाढवायची, हरवलेली काढायची, नाहीतर यादी ज्या डब्यात आहे तो डबा किंवा ईसीएमच बदलला, एवढ्याच वेळा. बाकीच्या कामांना ‘प्रोग्रॅमिंग चार्ज’ लावला तर सरळ विचारा, कशाचा? चावीचं कव्हर फुटलं, नव्या शेलमध्ये जुनी चिप आणि जुनं सर्किट टाकलं, प्रोग्रॅमिंग नाही. पातं झिजलं, नवं कापून जुन्या डोक्यात बसवलं, नाही. इग्निशनचं कुलूप बदललं आणि त्याच्यासोबत साधी चावी आली, तर जुनी चिप त्या चावीत हलवली की झालं. गाडीची मोठी बॅटरी काढली, महिनाभर गाडी उभी राहिली, तरी यादी पुसली जात नाही. ती अशा मेमरीत असते की जिला करंट नसला तरी चालतं. आमच्या इथं एक डॉक्टर बॅटरी बदलायला या एका भीतीनं तयार होत नव्हते.

शेल बदलण्यात मात्र एक धोका आहे. ऑनलाइन शंभर-दोनशेत शेल मिळतं, लोक घरी बसून जुनं फोडतात, सर्किट उचलून नव्यात ठेवतात, रिमोट चालतो म्हणून खूश होतात आणि जुनं कव्हर कचऱ्यात टाकतात. चिप बऱ्याच चाव्यांत सर्किटवर नसते, कव्हरलाच एका कप्प्यात चिकटवलेली असते. संध्याकाळी गाडी चालू होईना झाली की फोन येतो. तोवर घंटागाडी येऊन गेलेली असते.

आता पैसे. चिप काही शेकड्यांत मिळते. साडेतीन हजार तिचे नाहीत, मशीन, त्याचं अपडेट, पिनकोड आणि काम बिघडलं तर निस्तरायची जबाबदारी यांचे आहेत. रिमोटसकट फ्लिप (घडीची) चावी देत असेल तर भाव फार वाईट नाही. नुसती चिपवाली साधी चावी असेल तर जास्त आहे, घासाघीस करा. आणि हे काम आत्ता करा, हातात एक चालू चावी असताना. दोन्ही गेल्यावर काम होतं, पण गाडी टो करून आणावी लागते, पातं नंबरावरून किंवा कुलूप खोलून कापावं लागतं, आणि काही गाड्यांत डबा बाहेर काढून आतली छोटी मेमरी टेबलावर वाचावी लागते. तेव्हा बिल बघून तुम्हाला साडेतीन हजार आठवतील.

नवा_मिरजकर

खूप आभार. तुम्ही सांगितलं तसं केलं. ओरिजिनल चिकटवून धरली आणि डुप्लिकेट फिरवली, गाडी चालू! बायको म्हणाली, मग रोज असंच करा की, दोन्ही चाव्या घेऊन फिरा.

आता फक्त दोन गोष्टी. ती हरवलेली चावी यादीतून काढता येते का? आणि बायपासबद्दल तुम्ही काहीच लिहिलं नाही. मेव्हणा रोज विचारतोय.

किल्लीदार

वहिनींनी जे सांगितलं, बऱ्याच ठिकाणी बायपास म्हणून तेच करतात. चालू चिप चावीतून काढायची आणि स्टिअरिंगच्या कव्हरआत त्या कडीला टेप मारून कायमची चिकटवायची. झालं, आता दोनशेची कुठलीही कापलेली चावी चालते. चोराचीही चालते. दुसरा प्रकार जरा शिकलेल्या लोकांचा. ईसीएमचा प्रोग्रॅम वाचून त्यात इमोबिलायझर, म्हणजे चिप तपासणारी ही यंत्रणाच बंद करतात, गाडी चिप विचारायचंच सोडते. दोन्हींत तुम्ही गाडीचं एक संरक्षण काढून टाकताय, आणि गाडी पुढं विकलीत तर घेणाऱ्याला ते कळतही नाही. मेव्हण्यांना सांगा, वायरमनला त्याच्या स्वतःच्या गाडीचं आधी करू दे.

हे दुसऱ्या प्रकारचं काम सरसकट वाईट म्हणत नाही मी. ऑगस्ट २०१९ च्या पुरात सांगलीच्या आयर्विन पुलापाशी कृष्णेची पातळी ५७ फुटांवर गेली होती. गावभाग, मारुती चौक, सगळीकडं गाड्या पाण्यात. पाणी ओसरल्यावर चाव्यांच्या चिपा अगदी ठणठणीत, काचेत बंद असतात त्यांना काय होतंय. मेले ते डबे आणि ईसीएम. लोकांनी भंगारातून दुसऱ्या गाडीचा ईसीएम आणून बसवला. तो ईसीएम स्वतःच्या जुन्या गाडीची ओळख धरून बसलेला, या गाडीच्या चाव्या त्याला परक्या. अशा वेळी तो ईसीएम आधी कोरा करावा लागतो, मग या गाडीशी जुळवायचा आणि चाव्या नव्यानं नोंदवायच्या. जिथं ते जमणारच नव्हतं अशा जुन्या गाड्यांत लोकांनी इमोबिलायझर बंद करून घेतला, मालकाला सांगून, नाईलाजानं. तुमची गाडी तर धडधाकट आहे.

हरवलेल्या चावीचं उत्तर तुम्हाला आवडेल. ह्युंदाईत चाव्या नोंदवताना जेवढ्या चाव्या त्या वेळी हातात आहेत तेवढ्या एकामागून एक लावून सगळ्याच नव्यानं नोंदवतात. ज्या हजर नाहीत त्या यादीतून आपोआप गळतात. म्हणून दुकानात जाताना ओरिजिनल आणि नवी दोन्ही घेऊन जा, आणि घरात तिसरी असेल तर तीही. विसरलात तर ती सुद्धा गळेल. काम झाल्यावर मशीनवर नोंदलेल्या चाव्यांची संख्या दिसते, ती दोनच आहे ना ते स्वतः बघा. तुमच्या ताब्यात दोन आणि यादीत तीन, असं असता कामा नये.

पण एवढ्यानं फक्त इंजिनाची काळजी मिटली. हरवलेल्या चावीचं पातं अजून तुमच्या दारात फिरतंय. कोणी दार उघडून आतलं सामान नेऊ शकतो, गाडी नेऊ शकत नाही. त्याचाही बंदोबस्त हवा असेल तर कुलपांचा सेट बदला, किंवा कुलूप खोलून आतल्या पट्ट्या फिरवून घ्या. रिमोटही नव्यानं नोंदवून घ्या म्हणजे जुन्याचं बटण मुकं होईल.

आणखी एक ध्यानात ठेवा. दुकानदाराला विचारा, ‘क्लोन करणार की ॲड करणार?’ क्लोन म्हणजे तुमच्या ओरिजिनल चिपची हुबेहूब नक्कल. गाडीला ती एकच चावी वाटते. काम पटकन होतं, पिनकोड लागत नाही, म्हणून स्वस्त पडतं. पण यादीला हात लागत नाही, त्यामुळं हरवलेली जिवंतच राहते, आणि उद्या क्लोन हरवला तर त्याला एकट्याला काढता येत नाही. ॲड म्हणजे वर सांगितलं तसं गाडीच्या यादीत नवी चिप नोंदवणं. तुमच्या केसमध्ये ॲडच हवं.

दोनशेची चावी टाकू नका. चावी आत राहून दार लॉक झालं तर तीच कामाला येते. घरात ठेवा, गाडीत नको.

अर्धा_ओहम

किल्लीदार, सुरेख लिहिलंत. मी एम्बेडेडमध्ये, म्हणजे यंत्रांच्या आतल्या चिपांवर काम करतो, थोडी भर घालतो.

तुमच्या गाडीत बहुतेक ज्याला बाजारात ‘४६ ची चिप’ म्हणतात ती असावी. तिच्यातली पद्धत हिटॅग२, गुप्त किल्ली (किल्लीदारांनी सांगितलेला गुप्त आकडा) फक्त ४८ बिटांची. २०१२ साली नेदरलँड्स आणि बेल्जियमच्या विद्यापीठांतल्या संशोधकांनी दाखवलं की गाडीशी थोडा वेळ बोलून गोळा केलेल्या माहितीवरून ही किल्ली साध्या हार्डवेअरवर सहा मिनिटांच्या आत काढता येते. गंमत म्हणजे आज दुकानात ४६ ची चिप क्लोन करताना मशीन इग्निशनच्या कडीजवळ धरून माहिती ‘ऐकवतात’ आणि सर्व्हरवर हिशोब करतात ना, तिथंही कच्चा दुवा हाच आहे. चोराच्या हत्यारानं मालकाची सोय झाली.

मेगामोस नावाच्या दुसऱ्या चिपेबद्दल अशाच लोकांचा पेपर २०१३ मध्ये फोक्सवॅगननं इंग्लंडच्या कोर्टातून थांबवला होता, तो २०१५ मध्ये बाहेर आला. टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सची ४० बिटांची चिप त्याआधी २००५ मध्येच अमेरिकेत फोडून दाखवली होती. नव्या गाड्यांत एईएस ही जास्त भक्कम गुप्तलेखन पद्धत असलेल्या चिपा येतात, त्या बऱ्याच बळकट आहेत.

म्हणून घाबरायचं का? नाही. हे सगळं करायला चोराला गाडीत बसून मशीन लावावं लागतं. तुमच्या खिशातली चावी चालता चालता कोणी कॉपी करत नाही, १२५ किलोहर्ट्झची पोचच तेवढी नाही. बटण दाबून चालू होणाऱ्या गाड्यांत मात्र वेगळी भानगड आहे. तिथं गाडी चावीला १२५ किलोहर्ट्झवर हाक मारते आणि चावी सेलवर, त्याहून खूप जास्त फ्रिक्वेन्सीवर, लांबून उत्तर देते. एक चोर गाडीजवळ आणि दुसरा तुमच्या घराच्या दाराशी उभा राहून ती हाक नुसती पुढं पोचवतो. गुप्त किल्ली फोडायची गरजच नाही. अशी चावी घराच्या मुख्य दाराजवळच्या खुंटीला लावू नये.

आणि अशा चावीचा सेल संपला तर? तिच्याही पोटात बिनसेलची चिप असतेच. चावी स्टार्ट बटणाला टेकवून धरा किंवा चावीनंच बटण दाबा, गाडीच्या पुस्तकात जागा दिलेली असते. टो मागवायच्या आधी एवढं करून बघा.

खडूस_काका

सेल काढून बघितला. चालू झाली. मान्य. पण मग जुन्या मारुती ८०० ला यातलं काहीच नव्हतं, तिनं काय कमी सेवा केली?

ओहायोतली_आत्या

काका, सेवा चांगलीच केली, पण चोरांचीही केली असेल. इकडचं सांगते. अमेरिकेत इमोबिलायझर सक्तीचा नाही. युरोपात नव्या गाड्यांना १९९८ पासून सक्तीचा झाला, शेजारच्या कॅनडात सप्टेंबर २००७ पासून. इथं कंपन्यांच्या मर्जीवर. बाकीच्या बहुतेकांनी बसवला, पण ह्युंदाई-कियाच्या साध्या चावीच्या स्वस्त मॉडेल्समध्ये २०२१ पर्यंत कितीतरी गाड्यांना नव्हताच. मग मिलवॉकीत पोरांना कळलं की इग्निशनचं कव्हर उचकटलं की आतला खुंटा यूएसबीच्या टोकानं फिरतो. टिकटॉकवर व्हिडिओ फिरले आणि गावोगावी चोऱ्या सुरू झाल्या. सरोवरापलीकडं कॅनडात त्याच मॉडेल्सना चिप होती, तिथं ही युक्ती चालेना.

फेब्रुवारी २०२३ मध्ये कंपनीनं फुकट सॉफ्टवेअर अपडेट जाहीर केलं, ह्युंदाई ३८ लाख आणि किया ४५ लाख गाड्यांसाठी. अलार्म ३० सेकंदांऐवजी मिनिटभर वाजणार आणि लॉक केलेली गाडी चावीशिवाय चालू होणार नाही. जोडीला स्टिअरिंगला लावायचे लोखंडी दांडेही वाटले. आमच्या गल्लीत अजून चार-पाच गाड्यांना ते दांडे दिसतात. म्हणून बायपास करायचा म्हणणाऱ्या मेव्हण्यांना माझा नमस्कार सांगा.

नवा_मिरजकर

मेव्हण्याला हे सगळं वाचायला दिलं. म्हणाला, मी तर सहज म्हणालो होतो.

आज काम करून घेतलं. साडेतीन हजारवाल्याकडंच गेलो. ‘क्लोन की ॲड’ विचारल्यावर तो जरा सावरून बसला. रिमोटसकट फ्लिप चावी, तीन हजारावर तुटलं. मशीनवर दोन चावी असं दाखवलं, फोटो काढून ठेवला. दोन्हींनी गाडी चालू होते. फक्त नव्या चावीचं लॉकचं बटण चालत नाही. तो म्हणाला रेंज यायला वेळ लागेल, दोन दिवस वापरा.

किल्लीदार

रेंज यायला ती काही सुनेसारखी नवी घरात आलेली नाही. रिमोट नोंदवायचा राहिलाय. चिप आणि रिमोट वेगळे, म्हणून नोंदही वेगळी, त्याच मशीनच्या दुसऱ्या मेनूतून होते. परत जा, दोन्ही चाव्या घेऊन. आणि तिथं दोन्हींचं बटण दाबून बघितल्याशिवाय उठू नका. नवा नोंदवताना जुन्याचाही पुन्हा नोंदवावा लागतो, नाहीतर उद्या ओरिजिनलचं बटण बंद पडेल. नोंदवूनही चालला नाही तर रिमोट ४३३ चाच आहे का विचारा. जपान आणि अमेरिकेसाठीचे ३१५ चे रिमोटही बाजारात फिरतात, दिसायला अगदी सारखे. तसा निघाला तर बदलूनच घ्यावा लागेल.

बिल घेतलंत का? नसेल तर त्याच फेरीत घ्या, गाडी नंबर टाकून. गाडी चोरीला गेली तर विमा कंपनी दोन्ही चाव्या मागते आणि एक नंतर केलेली दिसली की प्रश्न सुरू होतात. आधीची चावी हरवल्याची नोंद महाराष्ट्र पोलिसांच्या पोर्टलवर ऑनलाइन करता येते. त्याची प्रत आणि हे बिल आरसीच्या फाइलला लावून ठेवा. आधीच्या मालकांनी चावी हरवल्याचं व्हॉट्सॲपवर लिहिलं असेल तर तो मेसेजही प्रिंट करून घ्या.